देवानं नारळ गिळला

टण्ण!

माझे वडील पेरणीआधी बांधावरच्या दगडावर नारळ फोडायचे, त्याचा हा आवाज. मी तेव्हा त्यांच्या गुडघ्याएवढा होतो. एका फटक्यात दोन भकलं आणि पाणी माझ्या तोंडावर! तो आवाज कानात असा बसला की आज म्हातारपणीही कुणी नारळ हातात घेतला की मी आधी कान पुढे करतो.

मी फोडलेल्या शेवटच्या नारळाचा आवाज मात्र निराळा आला. 'फस्स'. माझी गावभर जी शोभा झाली ती त्या 'फस्स'पासून. बसा, सांगतो. मी हळू बोलतो, तेव्हा चहाही हळूच प्या.

माझी नात ऋतुजा पुण्याला विद्यापीठात सिनेमाचं शिकते. नटी नाही हो व्हायचं तिला! 'प्रॉडक्शन डिझाईन' असं त्या शिक्षणाचं नाव. मी दोन यत्ता शिकलेला माणूस. मला कळावं म्हणून तिनं सोपं करून सांगितलं, "आबा, नट दिसतो ना, त्याच्या मागची भिंत मी करते. घर, दुकान, अंगण, सगळं खोटं. पण बघणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे."

हे मी झरीच्या हॉटेलात सांगितलं, तर एकजण म्हणाला, "म्हंजी गवंडीच की! त्याला पुण्याला कशाला जायचं?"

मला तरी कुठं नीट कळलं होतं?

तर शेवटच्या परीक्षेचा सिनेमा करायला ती मैत्रिणींना घेऊन आमच्या शेतात आली. शेतातल्या घराला आम्ही आखाडा म्हणतो. त्या आखाड्यात दार लावून दिवसभर खरखर, ठाकठूक. विचारलं तर म्हणायची, "झाल्यावर बघा." मी मधेच ताडकळसला बहिणीकडे गेलो. तिथं ऋतुजाचा फोन आला, परभणीहून. तिचे आईबाप तिथं राहतात.

"आबा, झालं एकदाचं! उद्या सकाळी सरांला घेऊन येते. मार्क तेच देणार हायत. तवर माझ्या कामाला कुणाचा हात लागू देऊ नका."

"हात काय, वारा लागू देत न्हाई," मी म्हटलं आणि मिळेल ती गाडी धरली. निघताना बहिणीनं पिशवीत नारळ घातला. तो मी कानाशी धरून हलवून बघितला. पाणी होतं.

फाट्यावर उतरून बांधाबांधानं आलो आणि जागीच थांबलो. चिंचेखाली देव होता!

आयुष्य गेलं माझं त्या बांधावर. कधी दिसला नव्हता. काळा दगड, अंगावर शेवाळ, एका बाजूला तडा. बिचारा किती वर्षं मातीत पडून होता कोण जाणे! आणि वर आला कधी? माझ्या नातीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी! आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी वहाणा काढल्या. "पोरगी पास होऊ दे," म्हटलं आणि नारळ हाणला.

फस्स!

नारळ फुटला नाही. अख्खा देवाच्या खांद्यात गेला आणि तिथंच राहिला.

शेजारच्या शेतात गयाबाई खुरपत होती. माझा चेहरा बघून धावत आली. "भावजी, काय झालं वो?"

"देवानं नारळ घेतला."

"घेतला म्हंजी?"

"गिळला, गयाबाई."

गयाबाईनं खुरपं तिथंच टाकलं आणि गावाकडं निघाली. मग काय विचारता! दिवस मावळायच्या आत शेंदूर आला, तेल आलं, हार आले. कुणीतरी चिंचेला झेंडा बांधला. ऋतुजाला फोन करून सांगावं असं मनात आलं. पण म्हटलं, उद्या येईल, बघेल, खूश होईल.

आणि तिचं काम? ते मी जिवापाड राखलं! काठी घेऊन आखाड्याच्या कुलूपबंद दारासमोर बसलो. कुणी इकडं वळलं की ओरडायचो, "हिकडं न्हाई! पोरीचं परीक्षेचं काम हाय आत. देवाकडं जा, देवाकडं!"

सकाळी जीप आली. ऋतुजा उतरली, चिंचेकडं बघितलं आणि जिथल्या तिथं उभी राहिली. सर मात्र सरळ पुढं गेले. चपला काढल्या, हात जोडले. गयाबाईनं कपाळाला शेंदूर लावला तो लावून घेतला, दिलेलं खोबरं तोंडात टाकलं.

"जुनं ठाणं दिसतंय," खोबरं चावत ते म्हणाले. "बरं, ऋतुजा, तुझा सेट कुठाय?"

"आखाड्यात हाय, साहेब," मी पुढं झालो. "रातभर मी राखलाय."

"सर," ऋतुजा म्हणाली, "हाच."

सरांचं चावणं थांबलं. तिनं देवाला बोटानं वाजवलं. रिकाम्या खोक्यासारखा आवाज आला.

"थर्माकोल हाय, आबा. वरून भुसा, डिंक, रंग. शेवाळ धरावं म्हणून रोज ताक शिंपडायले मी. काल सकाळी बाहेर आणून ठिवला. गोष्टीतल्या ह्या देवाकडं कित्येक वर्षं कुणी फिरकलेलं न्हाई. कुणी फिरकलेलं न्हाई! आन् तुमी हितं जत्रा भरविली!"

"तू पास व्हावी म्हणून..." मी पुटपुटलो.

"आजोबा," सरांनी विचारलं, "फोडायच्या आधी दगडाला हात लावून नाही बघितला?"

"नारळ हलवून बघितला होता, साहेब. देव कोण हलवून बघतंय?"

लोक हसले. सर हसले नाहीत. "ऋतुजा, मी संध्याकाळपर्यंत आहे. गोष्टीतला देव मला दिसला पाहिजे. नाहीतर मार्क कशाला देऊ?"

पोरगी बांधावर बसली. डोळे भरले होते. मला वाटलं, त्या नारळाच्या जागी मीच आत जावं. मग ती उठली, बादली घेतली, चुलीतली राख मागितली. झेंडा काढला. शेंदरावर राख आणि माती चोळली, कुठं कुठं नखानं खरवडला. हार उन्हात करपू दिले. मी पाणी आणून द्यायचो आणि दहा हात लांब उभा राहायचो.

दुपारनंतर बघितलं तर काय! आदला देव कुणी कधी न पुजलेला वाटत होता. हा मात्र असा दिसत होता, की कुणीतरी त्याचं फार केलं आणि मग त्याला विसरून गेलं. मला कसंतरीच झालं. नारळ तसाच खांद्यात होता, चिखलानं माखलेला.

उन्हं कलल्यावर सरांनी देवाभोवती एक फेरी मारली. "आता दिसला," ते म्हणाले. "पास. चांगली पास."

गयाबाई दिवसभर तिथंच बसून होती. तिनं पदर सावरला, देवाला हात जोडले. "बघा भावजी! पावला का न्हाई?"

आणि माझी जीभ! ती कधी माझ्या ताब्यात होती? माझेही हात आपोआप जुळले.

"पावला, गयाबाई. लगेच पावला."

ऋतुजानं गयाबाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग कोपरापर्यंत काळ्या झालेल्या आपल्या हातांकडं बघितलं. बादली उचलली आणि आखाड्याकडं निघून गेली.