फोडलेली पीडीएफ

आरमोरीच्या त्या छापखानेवाल्याचा विषय निघाला तरी आजही माझं डोकं तापतं.

आईची भाताच्या रोवणीची गाणी मी पुस्तकात उतरवली होती. ती वाचायला शिकली तीच मुळी म्हातारपणी, साक्षरतेच्या वर्गात. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन होतं. शेवटच्या दिवशी तिला स्वतःचं पुस्तक सगळ्यांसमोर वाचायचं होतं. "गाणं तं साऱ्याच बाया म्हणतेत. मले वाचून दाखवाचं हाये," ती म्हणायची.

अक्षरजुळणी मी घरीच केली, फुकट मिळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर. एक कमांड दिली की पीडीएफ तयार. फॉन्ट फाइलच्या पोटातच बसलाय, हेही तपासून घेतलं. म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, वेलांटी जागची हलणार नाही.

"फुकटातलं काई चालत नाई सर," म्हणत छापखानेवाल्यानं ती पीडीएफ त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोडली, म्हणजे अक्षरं सुटी करून नव्यानं मांडली. आमच्याकडे सगळेच फोडतात. तयार पीडीएफ नुसती छापायची असते, हे त्यांच्या गावीही नाही. वर मजा बघा, ह्याचं ते पैशाचं सॉफ्टवेअर चोरून बसवलेलं! माझं फुकटचं निदान हक्काचं तरी होतं.

मी शाळेत शिकवायला गेलो असताना त्यानं प्रूफ परस्पर घरी पाठवलं. मी आलो तेव्हा आई ते कागद मांडीवर घेऊन बसली होती. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर, जोडाक्षरांचे तुकडे, मधेमधे चौकोन.

"मले वाचता येऊन नाई राह्यलं," ती म्हणाली. "इसरली वाट्टे मी सारं."

कागद चुकलेत, तू नाही, असं परोपरीनं सांगितलं. छापलेलंही चुकतं, हे तिला वर्गात कुणी शिकवलंच नव्हतं. तिला काही पटेना.

तसाच छापखान्यात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तो हसला. "इतके काऊन तापून राह्यले सर? दोन अक्षरं इकडंतिकडं झाली तं झाली."

त्याच्या कॉम्प्युटरला लावलेला माझा पेन ड्राइव्ह उपटला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दिला. त्यानं फाइल उघडून नुसतं प्रिंट दाबलं. एक काना हलला नाही. पुस्तक तिथंच छापून बांधून घेतलं.

शेवटच्या दिवशी विहारात तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि नवंकोरं पुस्तक तिनं माझ्या हातात ठेवलं. "तूच वाच. मी अडकली तं बाया हासतीन."

मी वाचलं. टाळ्या मला मिळाल्या.