उमसुनायआपांचा तवा

तवा आरशासारखा चमकत होता आणि तिलेक त्यात आपलंच तोंड कौतुकाने बघत होता. भल्या पहाटे अंगणातल्या नळाशी बसून, वाळू आणि तारेची घासणी घेऊन त्याने बिडाच्या तव्यावरचा तीस वर्षांचा काळा थर एकदाचा उतरवला होता. सासूबाईंना आज धक्का बसणार, याची त्याला खात्री होती. तो बसलाच.

"माझा तवा कुठाय?" उमसुनायआपांनी दारातूनच विचारलं.

"हाच तो, आपा."

"हा? हा तर नागडा आहे."

आपांनी एकतीस वर्षं बिश्केकच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवली. पहिली गाडी साडेपाचची. त्यामुळे न्याहारी म्हणजे सिग्नल लाल असेपर्यंत तोंडात कोंबलेला पाव. निवृत्त झाल्या त्याच दिवशी त्यांनी गजराचं घड्याळ शेजारणीला देऊन टाकलं आणि रविवारी या घरात कोणी घाई करायची नाही, असा कायदा केला. तेव्हापासून दर रविवारी कुयमाक. आयरानात, म्हणजे आंबट ताकात, पीठ भिजवून केलेले, घावनाहून गुबगुबीत, एकेक करून बारा वाजेपर्यंत. कोणी उलथनं लवकर उचललं की आपा म्हणायच्या, "वळणावर घाई केली की टपावरचा दांडा विजेच्या तारेवरून सुटतो."

लग्न झाल्यापासून तिलेक इथेच, आयझानच्या माहेरी राहत होता. घरजावई म्हणून गल्ली त्याला चिडवायची, त्याचं त्याला काही वाटत नसे. दुःख वेगळंच होतं. आपा त्याला पाहुण्यासारखं जपत. दारापासून सगळ्यांत लांब, तीन गाद्यांवर, मानाच्या जागी तो बसायचा. सगळ्यांत गोल कुयमाक त्याला, सायीची वाटी त्याच्यापुढे. तिकडे दाराशी, चहाच्या समोवारापाशी, माय-लेकी एकाच ताटलीतले फाटके तुकडे खात खिदळायच्या. इतक्या लांबून त्याला विनोद ऐकूसुद्धा यायचा नाही. असे आठ महिने गेले. काहीतरी काम करावं आणि घरातलं व्हावं, म्हणून तर तो पहाटे उठला होता.

पहिला कुयमाक तव्याला चिकटला. दुसराही. तिसरा निघाला तो भुर्जी होऊन.

"आपा, याला परत पाठवायचं का?" आयझानने नवऱ्याकडे बघत विचारलं.

"वापरलेला माल कोण परत घेतंय?"

तिलेकचे कान लाल झाले. आपांनी मेंढीच्या चरबीचा गोळा त्याच्या हातात ठेवला. "बसा चुलीपाशी, जावईबापू. तापवा, चोळा, पुसा. मी बास म्हणेपर्यंत."

धूर पाहून शेजारच्या काल्बुबूने भिंतीवरून मान वर काढली. "अगं उमसुनाय, जावयाला चुलीशी बसवलंस? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या जावयाने कधी तवा सोलला होता का?"

"नाही बाई. तो चमचासुद्धा उचलत नाही."

"मग गप्प बस आणि खायला ये."

आपा तिलेकशेजारी बसकण मारून बसल्या आणि नोकरीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगू लागल्या. वळणावर दोन्ही दांडे तारेवरून सुटले होते. ते परत चढवायला पावसात दोऱ्या ओढून ओढून त्या रडकुंडीला आल्या आणि गाडीतल्या म्हाताऱ्या खिडक्यांतून सल्ले देत राहिल्या. त्या म्हाताऱ्यांच्या नकला बघून तिलेकला इतकं हसू आलं, की चरबी त्याच्या विजारीवर सांडली. आपांनी नुसतं फडकं त्याच्याकडे फेकलं.

अकराला तवा तांबूस काळा झाला. तिलेकने स्वतः पीठ ओतलं. कडेला बुडबुडे आले, तरी तो थांबला. मग उलटला. अर्धा सुटला, अर्धा फाटला.

"फाटला," तो पडेल आवाजात म्हणाला.

आपांनी फाटका भाग तोंडात टाकला, चावला आणि उलथनं काही परत मागितलं नाही.

शेवटी जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलं गेलं. कुयमाकांची रास घेऊन तिलेक सवयीने आपल्या लांबच्या जागेकडे निघाला, तर तिथे तीन गाद्यांवर काल्बुबू ऐसपैस बसलेली, सायीची वाटी मांडीशी घेऊन.

"आपा, मग मी कुठे बसू?"

"दाराशी. समोवारातला चहा काय पाहुणे ओतणार?"