नव्या टेबलाचं नाव

सुचिता खिल्लारे खुर्चीत सलग अर्धा तास बसलेली मी कधी पाहिली नाही. काम संगणकावरचं, म्हणजे बूड टेकल्याशिवाय होणारं नव्हे, पण ही बाई दर दहा मिनिटांनी उठायची. खिडकीशी जायची, खालचा रस्ता बघायची, परत येऊन बसायची. वाशिममधल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही सहा जण होतो आणि पाच जणांना तिच्या येरझाऱ्यांचा वैताग यायचा. सगळ्यात जास्त वैताग मला. मी गुलाबराव. बत्तीस वर्षं सरकारी मोजणीत शेतांचे बांध तुडवले आणि निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून या खासगी कंपनीत लागलो. एका जागी न बसणाऱ्या माणसाला नावं ठेवायचा मला तसा काही अधिकार नव्हता, पण मी ठेवायचो.

कंपनीकडे एका नळयोजनेचं काम होतं. मानोरा तालुक्यातली गावं आणि तांडे यांचा घर न् घर नकाशा करायचा. ड्रोनने वरून फोटो यायचे, माणसं जाऊन एकेका दाराचा फोटो काढून आणायची, आणि सुचिता पडद्यावर प्रत्येक छपराभोवती रेघ ओढायची. जुन्या नकाशांशी मेळ घालणं माझ्याकडे. ती एकोणतीस वर्षांची, माहेर रिठदचं, अमरावतीला नकाशाशास्त्राचा कोर्स केलेली. नेमणूक कंत्राटी, एकतीस मार्चपर्यंतची.

नकाशात नवं काही सुरू करायचं म्हटलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये तळहाताएवढी एक खिडकी उघडते. वर लिहिलेलं असतं ‘नव्या टेबलाचं नाव’ आणि खाली एक पांढरा रकाना. हे टेबल म्हणजे घरांची माहिती साठवायचा तक्ता. नाव घातल्याशिवाय खालचं बटण फिकटच राहतं. मराठी अक्षरं त्याला चालत नाहीत, मध्ये जागा सोडलेली चालत नाही, आणि एकदा दिलेलं नाव पुन्हा घातलं की रकान्याची कड लाल होते. बाकीची पोरं ‘न्यू वन’, ‘न्यू टू’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’ असलं काहीही ठोकून मोकळी व्हायची. सुचिता मात्र त्या रकान्यापाशी अडायची. तिथे ती उठायची, तिथे तिच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, “काका, उद्या दुसऱ्या कोनी हे उघडलं तं त्याले काय समजन?”

तिच्या आज्याचं नाव कचरू. छप्पननंतर त्यांच्या घराने धम्म घेतला तेव्हा आज्याने स्वतःचं नाव तेच राहू दिलं, पण पुढे घरात लेकरू झालं की नाव ठरवायला आठवडा आठवडा लावला. धम्मपाल झाला, धम्मरत्न झाला, मग नातीचं सुचिता. आमच्या घरी नाव असंच कुठलंही टाकून देत नाहीत, असं ती हसत सांगायची. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं नव्हतं. महिनाअखेरची गावं राहिली होती आणि कंपनीचे साहेब रोज फोनवर आमची खरडपट्टी काढत होते.

फेब्रुवारीतली दुपार. खेमा नाईक तांड्याचं काम तिच्यासमोर होतं. एकूण घरं एकसष्ट. दारांचे फोटो जानेवारीतले, म्हणजे अर्धाअधिक तांडा ऊसतोडीला गेलेला असतानाचे. अठरा दारं उघडी आणि त्रेचाळीस दारांना कुलूप. तिने दोन टेबलं करायचं ठरवलं, कारण कुलूपवाल्या घरांच्या मालकांची नावं माणसं परत आल्यावर विचारून भरावी लागणार होती. अठरांचं टेबल झालं, त्याला तिने ‘राहती घरे’ असं इंग्रजी अक्षरांत नाव दिलं. त्रेचाळिसांसाठी खिडकी उघडली आणि बाई उठली.

चहा येऊन पडला होता. ती खिडकीपाशी, चहावर साय धरलेली, माझं डोकं तापलेलं. आमच्या मोजणीत दारी गेलो आणि कोणी भेटलं नाही की वहीत ‘रिकामे’ लिहून पुढे जायची रीत होती. त्याचा अर्थ पुन्हा येणे, एवढाच. मी म्हटलं, ‘रिकामी घरे’ टाक.

“रिकामी कशी काका? कुलपं हायेत.”

“टाक ना व तात्पुरतं. मांगून बदलवू. नाव कोन वाचते?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. बसली, टाइप केलं. बटण उजळलं, तिने दाबलं, चहा प्यायली. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, की चला, पोरगी वळणावर आली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरच्या मुख्य ऑफिसातून यादी आली. वाचणारा कोणीतरी होता. त्याने टेबलांची नावं वाचूनच बेरजा केल्या होत्या. खेमा नाईक तांडा, राहती घरे अठरा. योजनेचा नियम असा की चाळीसच्या आत घरं असली तर वेगळी टाकी नाही. तांड्यासमोर शेरा होता, ‘वस्ती बहुतांश सोडलेली, टाकी रद्द.’ म्हणजे तिथल्या बायकांनी आता चालतात तसंच पुढेही दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर चालत राहायचं.

सुचिताने ती ओळ वाचली. नाव बदलायला गेली तर सॉफ्टवेअर बदलू देईना, कारण त्या नावाला जोडून पुढे नऊ याद्या तयार झाल्या होत्या. तीच घरं उचलून नवं टेबल करायला गेली, ती छोटी खिडकी उघडली, या वेळी तिने न थांबता नाव घातलं. पण नागपूरने यादी बंद केली होती. साहेब फोनवर म्हणाले, अठ्ठावीस तारखेच्या आत दुरुस्तीपत्र पाठवा. घरांत माणसं राहतात याचा पुरावा जोडा आणि चुकीचं नाव कोणी दिलं तेही लिहा.

पुढचे दोन दिवस तिने डबा उघडला नाही. जिन्यावर, खिडकीशी, माझ्या टेबलापाशी, नुसती फिरत होती. मी जुने नकाशे उलटेसुलटे करत बसलो. ती मला एका शब्दाने टोचून बोलली असती तर सुटलो असतो. तिसऱ्या दिवशी म्हणाली, काका, तांड्यावर जाऊन येते. मीही काही न विचारता तिच्याबरोबर निघालो.

मानोऱ्यापर्यंत एसटी, पुढे ऑटो. तांडा शांत होता. उघड्या दारांत म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. हिरीबाई नावाच्या सत्तरीच्या म्हातारीकडे त्रेचाळीस घरांच्या चाव्या होत्या. जाताना प्रत्येक घर तिच्याकडे चावी देऊन जातं. एका पत्र्याच्या डब्यात सगळ्या, प्रत्येकीला त्या घरातल्याच जुन्या लुगड्याची नाहीतर शर्टाची चिंधी बांधलेली. चिंधी बघून ती घर सांगायची.

सुचिताने तिला सगळं समजावलं. दारं उघडून आतला फोटो घेऊ द्या, आत कणग्या असतील, देव असतील, अंथरुणं असतील, ते पाहून साहेबांची खात्री पटेल. म्हातारीने डबा मांडीवर ओढून घेतला.

“चाब्या मले राखाले देल्ल्या, दाखवाले नाही.”

सुचिताने टाकीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. म्हातारी हलेना. तेव्हा सुचिता तिच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, आजी, कागदावर तुमची घरं रिकामी मीच लिहिली. मी बाजूला उभा होतो. तोंड उघडायला ती वेळ चांगली होती, आणि मी चपलेतला खडा काढत राहिलो. माझी मलाच लाज वाटली, तरी काढत राहिलो.

हिरीबाईला राग येईल असं मला वाटलं होतं. तिला नवल वाटलं.

“रिकाम्या घराले कोनी कुलूप लावते का, पोरी?”

परतीच्या एसटीत सुचिता दर थांब्याला पिशवीतून फोन काढत होती, त्यात दारांचे जुने फोटो होते. मंगरुळपीर गेलं तेव्हा मला म्हणाली, पुरावा तर आपल्याचकडे होता. जानेवारीपासून होता. त्रेचाळीस फोटो, त्रेचाळीस कुलपं, काही नवी, काही सायकलीच्या साखळीची, एका दाराला तर दोन. आपण ते पाहिलं आणि उलटं लिहिलं.

सत्तावीसला तिने पत्र केलं. एकेका दाराचा फोटो, कुलपाभोवती लाल गोल, आणि वर एकच वाक्य, की ज्या घराला कुलूप आहे त्या घराला परत येणारं माणूस आहे. शेवटच्या ओळीत, चुकीचं नाव देणारी व्यक्ती, सुचिता खिल्लारे. मी म्हणालो, थांब, तिथे माझं नाव घाल. ती म्हणाली, टाइप मी केलं ना काका. आणि पाठवून दिलं. मी पुन्हा म्हणायला हवं होतं, साहेबांना स्वतः फोन लावायला हवा होता. माझी पेन्शन चालू आहे, मला कुणी काय करणार होतं? तरी लावला नाही. उभ्या नोकरीत चूक कबूल करायची सवयच नव्हती, एवढंच कारण.

नागपूरने एकसष्ट घरं धरली, पण कच्ची. पंधरा एप्रिलच्या आत त्रेचाळीस घरमालकांच्या सह्या किंवा अंगठे आले तर टाकी पक्की, नाहीतर पुन्हा अठरा. एकतीस मार्चला सुचिताचं कंत्राट संपलं आणि पुढचं आलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, विचारायची गरजही नव्हती. सह्या आणायला कोण जाणार, असं मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, गरज तांड्याची आहे, ते आणतील. तांड्याला हे सांगितलंच नव्हतं कोणी.

तिने रिठदहून फोन केला. ऊसतोडीच्या टोळ्या रामनवमीसाठी परतायला लागल्यात, पोहरादेवीचं दर्शन घेऊन माणसं तांड्यावर येतील आणि चार दिवसांत पुन्हा कामाला पांगतील. “मी जाऊन राह्यली उद्या,” एवढंच म्हणाली, मला ये म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला घरात बसवेना. पेपर हातात घेतला, ठेवला. बायको म्हणाली, काय लावलंय, जायचं तर जा. गेलो.

तांडा ओळखू येत नव्हता. ट्रॅक्टर उभे, भांडी उतरवणं चाललेलं, कुलपं निघालेली, दारादारांत झाडू फिरत होता. हिरीबाई चिंध्या बघून चाव्या परत देत होती आणि सुचिता कागद घेऊन दारोदार फिरत होती. माणसं सही करायला बिचकत होती. आधी कशा कशावर अंगठे घेतले गेले ते त्यांना माहीत होतं. टोळीचा मुकादम धरमसिंग तिच्या वाटेत उभा राहिला. कोणत्या ऑफिसच्या, ओळखपत्र दाखवा, म्हणाला. तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. ते जमा करून घेतलं होतं.

“ऑफिस नाही दादा,” ती म्हणाली. “तुमच्या घरायले मी रिकामं लिहिलं होतं. ते काढून राह्यली.”

आजूबाजूचे लोक जवळ आले. एक जण म्हणाला, आमचं पाणी बंद करायला निघालेली बाई हीच का? दोनतीन आवाज चढले. सुचिता मागे सरली नाही. मी गर्दीत शिरलो.

“त्या पोरीनं नाही लिहिलं,” मी म्हणालो. “रिकामी टाक, असं मी सांगतलं. पोरगी नाही म्हनत होती.”

धरमसिंगने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तो काही वाईट बोलला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. त्याने सुचिताला विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का. ती नाही म्हणाली.

“मंग तुमी काहून उभे राह्यले?” तो मला म्हणाला. “बसा. लिहा. बाईले भाकर खाऊ द्या.”

कोणीतरी खाट ओढली. सुचिताने कागद माझ्या हातात दिले. त्रेचाळिसांपैकी सात झाले होते.