पाण्याखालच्या बाभळी

"घरी सांगून आले काय?"

धरणावर होडीत बसायला आलेल्या प्रत्येकाला काका पहिला प्रश्न हाच विचारायचे. नाव नाही, गाव नाही. उत्तर "नाही" आलं की म्हणायचे, "मंग फोन लावा. मी थांबतो." आणि खरंच थांबायचे, वल्हं आडवं धरून, वाट अडवल्यासारखे. हौसेनं आलेल्या माणसाचा चेहरा तिथंच उतरायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याजवळ घटकाभर बसलं की आपल्यालाच उगाच धाकधूक व्हायला लागते.

मोहगावच्या पलीकडे ते पाणी आहे. समोरचा काठ धूसर दिसावा इतकं मोठं. तिथं एकानं एकट्यानं वल्हवायच्या लांबट प्लास्टिकच्या होड्या आणल्या, कयाक म्हणतात त्या. काकांच्या तोंडी तो शब्द कधी बसला नाही. ते त्यांना काकडी म्हणायचे. "पिवळी काकडी काढा, हिरवीले भोक पडलंय." जन्म मासे धरण्यात गेलेला माणूस साठीच्या आसपास या काकड्या सांभाळायला लागला होता.

माझी धाकटी बहीण मुक्ता पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात कामाला. एका हिवाळ्यात ती काकांकडून कयाक शिकली. मी सौंसरहून तिच्यासोबत जायची आणि काठावर बसून राहायची. मला पाण्याची भीती. काका मला कधी हसले नाहीत. एकदा नागपूरकडचे चारपाच जण तरंगायचं जॅकेट न घालता बसायला निघाले, तर काका होडीवर पालथे पडले आणि उठेचनात. "पाणी उद्याबी हाये, भाऊ. तुमचं मले माहीत नाही."

पावसाळा संपून होड्या पुन्हा निघाल्या, त्या पहिल्याच दिवशी मुक्तानं मला हट्टानं बसवलं. पाणी अजून गढूळ, चहासारखं. काठावरच्या बाभळी कमरेपर्यंत बुडालेल्या. काका आधी एकटेच एक चक्कर मारून आले. तोंडावर पाणी उडालं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आज काठाकाठानंच जाऊ," ते म्हणाले. "खाली झाडं हायेत. उन्हाळ्यात दिसतात, आता झाकून गेली."

जॅकेट घट्ट बसलंय का बघायला त्यांनी त्याचे पट्टे खांद्यापाशी धरून मला एवढं वर उचललं की टाचा जमिनीवरून सुटल्या. मग निघालो. मुक्ता पुढे, मधे मी, मागे काका. माझं वल्हं पाण्यात कमी आणि होडीवरच जास्त आपटत होतं. खाली किती खोल आहे हे विचारायची हिंमत होत नव्हती.

वळणावर वारा आला. आधी पाण्यावर काटा उभा राहिला, मग लाटा. मुक्ता वळणाच्या नादात काठापासून लांब गेली होती. काकांनी हाक मारली, "बाई, इकडं ये! काऊन तिकडं जाऊन राह्यली?" वाऱ्यानं शब्द उलटे आमच्याकडेच आणले. तिची लाल होडी एकदम थांबली, कशाला तरी टेकल्यासारखी. तिरपी झाली. आणि होडीचं पोट वर आलं.

मुक्ता दिसत नव्हती.

काकांनी माझी होडी एका अर्ध्या बुडालेल्या बाभळीपाशी ढकलली. "ताई, हे फांदी धरजा. सोडजा नाही. मी आलोच." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांची पाठ लाटांमागे दिसायची, नाहीशी व्हायची.

मी फांदी धरली. काटे तळव्यात शिरले, तरी हात सैल करायची भीती वाटत होती. होडी खालून उचलायची आणि आपटायची. एकदा लाल होडी दिसली, एकदा नुसतं पाणी. काकांची होडीही रिकामी दिसली. तेव्हा मला कळलं, तेसुद्धा पाण्यात उतरलेत. आता मी या एवढ्या पाण्यावर एकटी होते. आईला काय सांगायचं, हे एकच वाक्य मी मनात जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

मग काकांचा आवाज ऐकू आला. "पाय मार बाई, पाय मार. अस्सं. रडू नोको, तोंडात पाणी जाते." मुक्ता त्यांच्या होडीच्या शेपटाला धरून येत होती. तिच्या जॅकेटचा पट्टा पाण्याखालच्या फांदीत अडकला होता. काकांनी जाळी कापायच्या चाकूनं तो कापला. हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

काठावर आल्यावर मुक्ता वाळूत पडून खोकत होती आणि काका तिच्या बाजूला बसून ओकत होते. स्वतःच्या जॅकेटची कडी त्यांना सुटेना. मी सोडली.

"काका, तुम्हाला…"

"लय भेव वाटते मले पाण्याचं," ते खाली मान घालून म्हणाले. "लहान होतो तवापासून. तरी रोज उतरतो. कोणाले सांगजा नाही, ताई. लोक बसणार नाहीत."

थंडीत पाणी उतरलं आणि झाडांचे शेंडे वर आले, तेव्हा काकांनी मुक्ताला बोलावून घेतलं. तिनं होडी धरली आणि त्यांनी एकेका शेंड्याला उंच बांबू बांधला. बांबूच्या टोकाला घरून आणलेल्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी. दोन दिवस लागले. त्या उन्हाळ्यात ते गेले. घरी, खाटेवर, तापानं.

आता तिथं नवा माणूस आहे. पाणी भरलं की बांबूंची फक्त टोकं वर राहतात. जामसांवलीला दर्शन घेऊन इकडे वळणारी माणसं त्या चिंध्यांना लांबून हात जोडतात. परवा एका बाईनं विचारलं, हा कोणाचा नवस? नवा माणूस म्हणाला, असेल कोणाचा तरी.

मुक्ता जॅकेट घालत होती. तिनं वर पाहिलं.

"नवस नाही जी," ती म्हणाली. "तिथं झाड हाये."