बघायची नोकरी

आमच्या हॉटेलात नवीन मॅनेजर आला, तो माझ्या थोरल्या पोराहून लहान. पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. मला खुर्ची दिली आनि विचारलं, "मावशी, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी म्हटलं, "जिती असली तर इथंच. नसली तर दुसरीकडं."

तो हसला नाय. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मागनं कळलं, त्याला वाटलं मी दुसऱ्या हॉटेलात चाललीय.

"तसं नाही मावशी. कामात पुढे कुठे जायचंय?"

कामात मी बरीच पुढं आली होती. नवरा गेला तेव्हा धाकटी कडेवर होती. वालीवला एका गाळ्यात बाटल्यांना बुचं बसवली, कामनला गोदामात खोकी बांधली, मग हायवेजवळच्या ह्या हॉटेलात खोल्या साफ करायला लागली. इथं पंखा होता, दुपारचं जेवन होतं. पन आता गुडघे वाकत नव्हते. रोज बारा खोल्या आनि बारा बाथरूम. बाथरूम घासता आलं नाय की घरी बसायचं. घरी बसायची मला भीती वाटते, आनि सुनेला माझ्याहून जास्त.

म्हनून सरळ बोलली, "साहेब, खोल्या तपासनारी बाई काम सोडून गेली, तिची जागा मला द्या. तिथं वाकावं लागत नाय."

"लिहिता-वाचता येतं?"

"सही येते. आनि खोली वाचता येते."

त्यानं डोकं खाजवलं. "उद्या एक दिवस करून बघा. नाही जमलं तर परत ब्रश."

दुसऱ्या दिवशी मला काळा कोट आनि काळे बूट मिळाले. हाताखाली दोघी बायका. दोघींना खोली करायला मीच शिकवलेलं. पहिल्या खोलीत गेली तर चादरीचा कोपरा लोंबत होता. बोलायला तोंड उघडलं, तवर हातानं कोपरा खोचला पन. दुसऱ्या खोलीत आरशावर डाग, म्हनून आरसा पुसला. तिसऱ्या खोलीत बाथरूम घासायलाच बसली. दुपारपर्यंत बाराही खोल्या मी एकटीनं केल्या, वर कोट घालून. त्या दोघी जिन्यात बसून चहात पाव बुडवत होत्या.

"मावशी," त्यातली दहावी शिकलेली म्हनाली, "तुम्ही सुपरवायझर झाल्यापासून कामात लय मन लागतं."

मॅनेजरनं बघितलंच. "मावशी, तुम्हाला बघायचं होतं. करायचं नव्हतं."

"बघितलं साहेब. म्हनून तर केलं."

"मग ह्या दोघी कशाला?"

गुडघे भाकरीसारखे फुगले होते. जन्मभर दुसऱ्यानं सांगितलं नि मी केलं. मी सांगितलं नि कोनी केलं, असं एकदा पन झालं नव्हतं. ते कसं करतात, तेच मला ठाऊक नव्हतं.

"अजून एक दिवस द्या," मी म्हटलं.

"उद्या लग्नाचं वऱ्हाड येतंय. दुपारपर्यंत सगळं तयार पाहिजे," तो म्हनाला. म्हनजे दिला.

वऱ्हाडाच्या दिवशी मी दोन्ही हात पाठीमागं धरले. बाथरूमच्या दारात बूट काढले आनि अनवानी आत फिरली.

दहावीवाली म्हनाली, "मावशी, देवळात आलात काय?"

"साबन ऱ्हायलाय. परत धू."

"दिसत तर नाय."

"दिसत नाय, म्हनून तर मानसं पडतात."

तिनं बादली आपटली. मी उभी. तिनं फरशी घासली ती वरवर. मी अजून उभी. घासायला कधी झाला नव्हता, एवढा त्रास उभं ऱ्हायला झाला. एकदा हात सुटून टॉवेलाकडं गेला, तर तीच ओरडली, "मावशी, हात."

तेवढ्यात मॅनेजर आला. बूट घालून आत एक फेरी मारली आनि म्हनाला, "चकाचक आहे की."

"बूट काढा साहेब. मोजे पन."

त्यानं काढले. दोन पावलं गेला, पाय सटकला नि नळ धरून उभा ऱ्हायला.

"ठीक आहे," तो नळ न सोडता म्हनाला. "जागा तुमची. पण खोली तपासल्याचा फॉर्म कोण भरणार? वीस चौकोन आहेत."

"ही दहावी शिकलीय. मी बोलेन, ती खुना करेल."

तो बूट हातात घेऊन गेला. दहावीवाली माझ्याकडं बघत ऱ्हायली.

"म्हनजे तपासनार तुम्ही. धुवायचं पन आम्ही आनि लिहायचं पन आम्हीच?"

"हां," मी म्हटलं. "आता कोपऱ्यातनं सुरू कर."

तिनं तोंड वाकडं केलं, पदर खोचला आनि खाली बसली. तिचे गुडघे चांगले वाकतात. मी दारात उभी ऱ्हायली आनि काही केलं नाय.