मंगळूच्या कवितांचा पहिला वाचक

जयराम पगारेला कविता वाचायची नोकरी लागली ती सरकारच्या कृपेनं. एरवी तो नाशिकच्या एका सरकारी कचेरीत टपालाची नोंद ठेवणारा चोवीस वर्षांचा कारकून. वडील मनमाडला रेल्वेत खलाशी होते, आणि मॅट्रिकच्या पुढे गेलेला घरातला हा पहिलाच. पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि छापायचा मजकूर आधी कचेरीत दाखवा, असा हुकूम निघाला. बातम्या साहेब स्वतः बघत. कविता मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी जयरामच्या टेबलावर ढकलल्या.

"पगारे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुरुंग, बेडी, मोर्चा असले शब्द दिसले की लाल खूण करा. बाकी शिक्का मारून मोकळे व्हा."

त्या कविता घेऊन यायची चांगुणा गांगुर्डे. भद्रकालीतल्या एका लहानशा छापखान्यात ती शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. आधी ते काम तिचे वडील करत. त्यांची नजर अधू झाली, तशी त्यांच्या स्टुलावर ती बसली. छापखान्याचे मालक धोंडीरामशेठ हौसेनं एक मासिक काढत. त्याची कच्ची पानं कचेरीतून तपासून आणणं हेही तिच्याचकडे होतं.

पहिल्याच दिवशी जयरामनं 'सूर्य' या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

"भाऊसाहेब, सूर्यानं काय केलं?" चांगुणानं विचारलं.

"कवितेत सूर्य उगवला की काहीतरी भानगड असते म्हणतात."

"म्हणतात? तुम्ही अख्खी कविता वाचली का?"

नव्हती वाचली. मग वाचली, तर कळली नाही. मग चांगुणानं बाकावर बसून ओळ न् ओळ समजावली. दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. रेघ खोडून जयरामनं 'छापण्यास हरकत नाही' असा शिक्का मारला. ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या वेळी सगळं मासिक एकदम आणू नका. चार-चार पानं आणत जा. तपासायला बरं पडतं."

ती हसली, पण चार-चार पानंच आणू लागली.

वाचता वाचता जयरामला गोडी लागली. सगळ्यांत आवडायचा तो मंगळू नावाचा कवी. रेशनची रांग, छत्रीची मोडकी काडी, दुपारच्या शिफ्टचा भोंगा, असल्या गोष्टींवर तो लिहायचा.

"कुठे असतो हो हा मंगळू?"

"डोंगराकडं," चांगुणा म्हणाली. "फार माणसांत येत नाही."

मग जयरामनं त्याला पत्र लिहिलं. तुमच्या कविता वाचून मनातलं बोलायचं धाडस होतंय, असं लिहून पुढे त्यानं सगळंच सांगून टाकलं. पानं आणणारी मुलगी मला फार आवडते, पण तिच्यासमोर तोंडातून शब्द फुटत नाही. तुम्ही शब्दांतले जाणते, काय करू ते कळवा. पाकीट चिकटवून त्यानं ते चांगुणाच्याच हाती दिलं.

आठवड्यानं ती आली, तिच्या पानांत एक पान जास्तीचं होतं. रीतसर खिळे जुळवून छापलेलं. "श्री. पगारे यांस, ती मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. रोज सकाळी आरशात भेटते. तिची ना नाही. तिनं आपल्याला भाऊसाहेब म्हणायचं थांबवावं का, एवढंच कळवावं. आपला, मंगळू. मंगळवारी जन्मल्यामुळं हे नाव घेतलं."

जयरामनं ते दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं शिक्का उचलला आणि त्या पानावर मारला: 'छापण्यास हरकत नाही'.

नंतर फेब्रुवारीत मंगळूची नळाची कविता आली.

*नळाला बूच मारून गेले,*
*पाण्याला कुणी कळवलं नाही.*

जयरामला कळायचं ते कळलं. तरीही त्यानं शिक्का मारला. मासिक निघालं, कुणीतरी वरपर्यंत पोचवलं, आणि साहेबांच्या खोलीत चौकशीला माणसं आली. जयरामला आत बोलावलं.

"ही कविता पास कशी केली?"

"साहेब, आमच्या कॉलनीत खरंच आठ दिवस पाणी नाही. मला वाटलं, नगरपालिकेला तक्रार आहे."

"मंगळू कोण?"

"पाहिलेला नाही. डोंगराकडचा आहे म्हणतात."

मंगळूला शोधायला जीप पेठ तालुक्याच्या बाजूला गेली. पहिल्याच गावात तीन मंगळू निघाले. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्यानं पाहुण्यांना घोंगडीवर बसवलं आणि एकामागून एक गाणी म्हणून दाखवली. तासाभरानं चौकशीवाले उठले आणि परत आले. मासिक बंद करायला लावलं, जयरामची बदली सुरगाण्याला झाली. चांगुणाचं नाव कुणाच्याही कागदावर आलं नाही.

पत्रं फोडली जातील या धास्तीनं सुरगाण्याहून जयराम नुसतं हवापाण्याचं लिहायचा. धुकं कसं उतरतं, नागली कशी वाळवतात, बाजारात कोण कसं हसलं. चांगुणानं उलट टपाली कळवलं, "तुम्ही आता चांगलं लिहायला लागलात."

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये आणीबाणी उठली. मे महिन्यात मनमाडच्या रेल्वे कॉलनीत बुद्धवंदना होऊन दोघांचं लग्न लागलं. मासिक पुन्हा निघालं, आणि आता कवितेखाली चांगुणा पगारे असं नाव येऊ लागलं. त्र्याऐंशी साली तिचं पुस्तक आलं. पानन् पान तिनं स्वतः जुळवलेलं.

एव्हाना जयराम नाशिकला परत आला होता, तिथल्याच त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात प्रकाशन झालं. मनमाडहून जयरामची आई भिमाबाई आली होती. अक्षरओळख नव्हती, म्हणून जयरामनं तिला शेजारी बसवून एकेक कविता वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत मन लावून ऐकत राहिली.

"लय चांगलं हाय," ती सुनेला म्हणाली. "पण नळावर हाय, छत्रीवर हाय. माझ्यावर एक बी नाय?"

सगळा विहार हसला. चांगुणानं तिथल्या तिथं एक पाठकोरी पत्रिका ओढली आणि लिहायला बसली. भिमाबाईनं पदर सारखा केला आणि फोटोला बसावं तशी तिच्यासमोर ताठ बसून राहिली.