कड्यावरचा पिवळा रंग

ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतल्या गेमिंग कॅफेत ते रोज दुपारी माझ्या शेजारी बसायचे. साठी उलटलेले, कडक इस्त्रीच्या शर्टातले काका. शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या राजधानीतल्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमधून बस बदलून यायचे. कुठून चढायचं ते खेळणाऱ्याला कळावं म्हणून गेममधल्या डोंगरकड्यांवर पिवळा रंग फासलेला असतो. तो दिसला की ते स्क्रीनवर बोट टेकवून हसायचे.

मी तेव्हा त्याच रंगाविरुद्ध ऑनलाइन तावातावानं भांडत होतो. खेळणारा काय बावळट आहे, वाट दाखवायला? काकांनाही ते ऐकवलं.

"मले तर बरं वाटते भैया," ते म्हणाले. "आपल्या आधी कोणी इथून गेलं, अन् मागच्याची आठवण ठेवली. आमच्या तिकडं रस्ते एवढे मोठे, पण दिवसभर माणूस दिसत नाही."

मी तत्त्वाचा पक्का. ते गेल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन तो रंगच बंद करून टाकला. म्हटलं, स्वतः शोधतील.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गेममधला माणूस तासभर एकाच कड्याखाली घुटमळला. मी मान खाली घालून कुणाला तरी उत्तर टाइप करत राहिलो. शेवटी त्यांनी चष्मा पुसला.

"आज इथून कोणी गेलंच नाही वाटते," असं म्हणून ते बस पकडायला उठले.